चक्कीसमोरचा खांब

३ ऑगस्ट १९७४, शनिवार

कौशल्याचा नवरा वामन पहाटे गेला. दारूने. आधी डोळे गेले. काल संध्याकाळी मागावर बसला होता, एकदम म्हणाला, "लाइट काहून बंद केला वं?" लाइट चालूच होता! मग ओकाऱ्या, मग हातपाय ताठ. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. एकतीस वर्षांचा मुलगा. या वर्षातला गल्लीतला चौथा.

दारू भैयाजीची. गल्लीच्या टोकाला टिनाच्या शेडमागे त्याची भट्टी आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चौकीलाच तेवढं ठाऊक नाही.

कौशल्या रडली नाही. मागावर अर्धं लुगडं तसंच ताणलेलं होतं. काठावरून हात फिरवत मला म्हणाली, "ताई, आता हे कोन पुरं करनार?" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. चोवीस वर्षांची आहे. मला मुलगी असती तर एवढीच असती.

५ ऑगस्ट, सोमवार

चक्कीवाल्या मैनाबाई आल्या होत्या. गेल्या आठवड्यात भैयाजीच्या माणसांनी एका बाईला भर रस्त्यात केस धरून ओढलं, तेव्हाची गोष्ट सांगत होत्या. "मी एकटी काय करू ताई? ओरडली. पन बाकीच्या बाया येईपर्यंत सारं होऊन गेलं होतं. लोकाइले कळतच नाही टाइमावर."

टाइमावर कळत नाही. एवढंच तर आहे! अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून मी दुसरं काय केलं? टाइमावर कळवलं. जन्म, मरण, युद्ध, कापसाचे भाव — सगळं माझ्या हातातल्या दोरीतून गेलं. मार्चमध्ये निवृत्त झाले, तर खात्याने मेहेरबानी म्हणून घरी फोन ठेवू दिला. हा काळा फोन दिवसभर मुका बसून असतो.

गल्लीत फोन किती? मोजले. माझा, मैनाबाईंच्या चक्कीवर, किराणा दुकानात मीराबाईंकडे, आणि दवाखान्यात — तिथे नर्स नीला उचलते. चार. चार पुष्कळ झाले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज सगळ्या माझ्याकडे जमल्या. पन्नासेक बायका, जिन्यापर्यंत. मी खडू घेऊन दारामागे चित्र काढलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲगाथा काढायच्या तसं, सरळ रेघा, स्वच्छ अक्षर.

काहीही दिसलं की आधी माझा नंबर फिरवायचा. कुठे आणि काय, दोनच गोष्टी सांगायच्या. मी मीराबाईंना आणि नीलाला सांगणार. त्या आपापल्या दारात परात बडवणार. परात ऐकली की हातातलं टाकून निघायचं. अशी साखळी.

"आन् कोनी इचारलं, काहून, तर?" मीराबाई.

"विचारायचं नाही," मी म्हटलं. "ऑपरेटर कधी काहून विचारत नाही. जोडते आणि पुढे जाते. तुम्ही विचारत बसलात की तेवढ्यात तिकडे बाई मरते."

"अन् बोलता बोलता मधातच कोनी बोललं तं?"

"तर म्हणायचं — लाइन सोडा! बोर्डावर आम्ही असंच म्हणायचो."

सगळ्या हसल्या. जाताना जिन्यात एकमेकींना ओरडत होत्या, "लाइन सोड वं, लाइन सोड!" किती दिवसांनी घरात हसणं ऐकलं.

१८ ऑगस्ट, रविवार

भट्टी फोडली!!

काल पोळा झाला, आज मारबत. इतवारीकडून काळी-पिवळी मारबत, गावाची ईडापिडा नेणारे ते पुतळे, मिरवत होते, सगळं शहर रस्त्यावर. आवाजात आवाज मिसळतो म्हणून हाच दिवस धरला. दुपारी दोनला मैनाबाईंनी चक्कीवरून फोन केला — "शेडमागं, माल उतरला." मी दोन नंबर फिरवले. घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटांत साठ बायका. चार मिनिटांत!

मीही गेले. या वयात पदर खोचून! मुसळं, मागाचे दांडे, वरवंटे. मडकी फुटत होती, सडक्या गुळाचा वास गल्लीभर सुटला होता, आणि बायका प्रत्येक मडक्याला ओरडत होत्या, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!" भैयाजीचा एक माणूस सापडला. त्याला लाथांनी तुडवलं. तोंडातून रक्त आलं, दात पडला. कौशल्या त्याच्या छातीवर बसून चापट्या मारत होती, मोजल्यासारख्या, एकामागून एक. मीच तिला ओढून काढलं.

खरं लिहायचं तर — लगेच नाही ओढलं. थोडा वेळ पाहत उभी होते.

बरं वाटत होतं.

१९ ऑगस्ट, सोमवार

पेन्शनच्या कागदासाठी पोस्टात गेले. सही नीट येईना.

२४ ऑगस्ट, शनिवार

ज्याची भीती होती ते झालं. भर सकाळी, चक्की चालू असताना चौघे आत शिरले. एकाने मैनाबाईंचा हात मनगटाशी धरला आणि पट्ट्यावर दाबला. दोन बोटं जागच्या जागी गेली. पिठात रक्त. ज्वारीचं पीठ लाल झालं होतं, दोन डबे.

फोनपाशी कोणी पोचूच शकलं नाही. आता मैनाबाई दवाखान्यात, आणि चक्कीवर, फोनच्या शेजारी, कौशल्या बसते. "मी बसते ताई. मायाजवळ आता घ्यायसारखं काय राह्यलं?"

मैनाबाई शुद्धीवर आल्या तर पहिलं काय म्हणाल्या? "साखळी सोडजा नोको."

२७ ऑगस्ट, मंगळवार

फोन मेला. सकाळी रिसीव्हर उचलला — काही नाही. विहिरीत कान घातल्यासारखं. चक्कीसमोरच्या खांबावरून माझी तार येते, तीच कापली आहे. बाकी तिघींच्या तारा धड. म्हणजे कापणाऱ्याला बरोबर माहीत होतं, साखळी कुठून सुरू होते ते!

दाराखाली चिठ्ठी सरकवलेली. "आता कर फोन बुढे."

मीराबाईंकडून फोन करून तक्रार नोंदवली. म्हणे दहा दिवस लागतील, माणसं नाहीत. माझ्याच खात्याने मला तक्रारीचा आकडा दिला आणि फोन ठेवून दिला!

२९ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी कौशल्याला चक्कीवरून घरी परतताना गाठलं. तिचे केस विळ्याने छाटले, कातड्यासकट. मागावरचं वामनचं अर्धं लुगडं पेटवून दिलं. ती ओरडत राहिली. शेजारच्या मुलीला माझी तार कापल्याचं माहीत नव्हतं; मीराबाई बाहेर गेलेल्या, तिने धावत जाऊन दुकानातून माझा नंबर फिरवला — नेमाप्रमाणे! फिरवत राहिली. माझा फोन मेलेला.

कोणी आलं नाही. मी दीडशे पावलांवर, स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते.

आज मलमपट्टी करताना ती म्हणाली, "ताई, वाट पाहून राह्यली होती मी." बस, एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सीताबर्डीला जाऊन मधुकररावांना गाठलं. लाइन इन्स्पेक्टर आहेत, पुढच्या महिन्यात तेही निवृत्त. केस पांढरेशुभ्र झालेत, पण आवाज तोच! एकोणचाळीस साली ते नवे लाइनमन होते. मौद्याच्या रस्त्यावर खांबावर चढून, टेस्टिंगचा फोन तारेला लावून विचारायचे, "नागपूर, आवाज कसा येतो?" मी म्हणायची, "स्वच्छ." दिवसातून दहादा. तेवढंच बोलणं. त्याच्यापुढे आमच्यात कधी काही गेलं नाही. त्यांचं लग्न झालं, माझं व्हायचं राहिलं. पण मला नुसतं "इंदू" म्हणणारं या जगात आता तेच एक माणूस उरलं आहे.

सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग — "इंदू, तू हे काय मांडून बसलीस? तुम्ही बायका उद्या कोणाचा तरी जीव घ्याल."

मला राग आला. म्हटलं, "मला उपदेश नको, तार हवी."

हसले. "तार मिळेल. पण वरिष्ठांचा कागद नाही, खात्यात दाखवता येणार नाही. सोमवारी बघतो."

१ सप्टेंबर, रविवार

मधुकरराव गेले.

आमच्या बायकांनी मारले.

२ सप्टेंबर, सोमवार

लिहून काढलं पाहिजे. डोक्यात नुसतं फिरतं आहे.

सोमवारी म्हणाले आणि रविवारीच आले. मला न सांगता. गणवेश नाही, साधा सदरा-पायजमा, कमरेला पट्टा, हातात पक्कड. खांबावर चढले. चक्कीतून कौशल्याने पाहिलं — माणूस, खांब, पक्कड. तार कापणारा परत आला, असंच तिला वाटलं. दुसरं काय वाटणार? डोक्यावरची पट्टी अजून ओली होती तिची. परात वाजली.

मी पोचले तेव्हा चाळीसेक बायका खांबाखाली होत्या. दगड चालले होते. त्यांना उतरता येईना — पट्टा खांबाला अडकवलेला, आणि एक हात बहुधा मोडला होता. ते ओरडत होते, "मी टेलिफोनवाला आहे! टेलिफोनवाला!" पण खाली मारबतीची आरोळी सुरू झाली होती, साठ तोंडांची असावी अशी. मी ओरडले. माझं कोण ऐकतं! एकीने शिडी लावली आणि विळ्याने पट्टा कापला.

ते तारेसकट खाली आले.

मग मागाचे दांडे, वरवंटा. मी बायकांच्या पाठींवर बुक्क्या मारत आत घुसले. मीराबाईंनी मला ढकललं, "हटा ताई, हा तुमचीच तार कापत होता!" — माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांनी पाहिलंच नाही.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कवटी एका बाजूने मऊ लागत होती. तोंडातून रक्ताचे बुडबुडे. डोळे उघडे होते, माझ्याकडेच.

मग एकदम सगळं शांत झालं. चक्की तेवढी चालू होती, रिकामी.

३ सप्टेंबर, मंगळवार

अकरा जणींना नेलं. प्रत्येकीला एकच प्रश्न — पहिला फोन कोणी केला? पोलिसांना तेच हवं आहे. हात कोणाला मोजता येणार? चाळीस जणींचे ऐंशी हात. पण बोलावलं कोणी, हे एक नाव मिळालं की खटला उभा राहतो.

मीराबाई म्हणाल्या, "मले काय मालूम? घंटी वाजली, आवाज आला, मी परात घेतली." नीलाचंही तेच.

फौजदार माझ्याकडे आले. चहा घेतला. दारामागची खडूची आकृती बराच वेळ पाहिली. "बाई, साखळी तुमच्यापासून सुरू होते ना?" मग रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही. "बरोबर. रजिस्टरलाही बंदच लिहिला आहे, सत्तावीस तारखेपासून. मग तुमचा प्रश्नच येत नाही."

मी म्हटलं, "रजिस्टर आहे तसं आहे."

ते गेल्यावर पाहिलं, एक कप तसाच भरलेला होता. माझा.

५ सप्टेंबर, गुरुवार

भैयाजीची शेड परत उभी राहते आहे. दिवसाढवळ्या टिन ठोकत होते. तो स्वतः खुर्ची टाकून बसला होता. मी समोरून गेले तर उठून हात जोडले! "नमस्ते ताई. आमी तं फक्त तारच कापली होती."

त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. तोंडात थुंकीच नव्हती.

७ सप्टेंबर, शनिवार

मधुकररावांच्या पत्नी शोभाताईंकडे गेले. जाण्याआधी तीनदा चप्पल काढून ठेवली. त्यांनीच दार उघडलं. मला वाटलं, लोटून देतील. आत घेतलं, पाट दिला.

"रविवार होता," म्हणाल्या. "मी म्हटलं, जेवून जा. तर म्हणाले, इंदूच्या घरी फोन बंद आहे, तिथे बायकांच्या जिवावर बेतलंय, खाऊन काय करू. म्हणाले, आधी जोडतो, खांबावरूनच फोन करतो, चकित होईल. मग तिच्याकडेच चहा घेतो."

खांबावरून फोन करतो. चकित होईल.

निघताना त्यांनी हात धरला. "त्यांचं काम पुरं झालं होतं का हो? तार जोडून झाली होती?"

मी म्हटलं, "नाही."

९ सप्टेंबर, सोमवार

कौशल्याने कबुली दिली. म्हणे, मी चक्कीवरून सरळ मीराबाईला आणि दवाखान्यात फोन केला, आवाज बदलून केला, ताईंना काहीच माहीत नाही. दहा जणींना आज सोडलं. ती आत.

मला पाच मिनिटं भेटू दिलं. छाटलेले केस, खपली धरलेली. गजाआडून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "कौशल्या, तू काहून असं —"

"ताई," ती म्हणाली, हळू, शेजारचा शिपाई ऐकेल म्हणून. "ऑपरेटर काहून म्हनून इचारत नसते. तुमीच सांगतलं."

परवा सकाळी तिला कोर्टात नेणार. खून म्हणतात. जन्म जाईल तिचा.

१० सप्टेंबर, मंगळवार

सिस्टर ॲगाथांची आठवण येते आहे. शाईचा डाग पडला तर त्या वही फाडू देत नसत. म्हणायच्या, डागासकट पुढे लिही.

११ सप्टेंबर, बुधवार

फोन बंद नव्हता.

त्या रविवारी जिवंत होता — सात-आठ मिनिटं. मधुकररावांनी तार जोडली होती. ती परत तुटली ती ते पडले तेव्हा.

कौशल्याने नेमाप्रमाणे माझाच नंबर फिरवला आणि घंटी वाजली. पाच दिवस मेलेला फोन वाजला, तरी दोघींपैकी एकीलाही नवल वाटलं नाही! "ताई, खांबावर चढला, पक्कड हाये." मी मीराबाईंचा नंबर फिरवला. म्हटलं, "चक्कीसमोरचा खांब. उतरू देऊ नका." लगेच नीलाचा. बोलता बोलता मध्येच लाइनवर कोणी पुरुष आला. टेस्टिंगचा फोन तारेला लावलेला होता, तो सगळं ऐकत होता.

"इंदू," तो म्हणाला. "इंदू, अगं —"

मी म्हटलं, "लाइन सोडा! लाइन सोडा!"

रिसीव्हर ठेवला, आणि मग मला कळलं. परत दोन्ही नंबर फिरवले. दोन्ही एंगेज. रिसीव्हर टाकून दोघी परातीकडे धावल्या होत्या, साखळी चालू झाली होती.

कौशल्याला न्यायला साडेदहाला गाडी येते. सव्वानऊ झालेत. ही वही घेऊन चौकीत निघते.